किडा नंतर, आधी दार: काफ्काच्या ‘मेटॅमॉर्फसिस’वर शॉर्टफिल्म करताना

प्रश्न असा आलाय: फ्रान्झ काफ्काची ‘मेटॅमॉर्फसिस’ ही जर्मन गोष्ट घेऊन पंचवीसेक मिनिटांची मराठी शॉर्टफिल्म करायचीये, बजेट चार लाखांच्या आत, व्हीएफएक्स परवडत नाही, तर सकाळी उठल्यावर किडा झालेला ग्रेगर साम्सा दाखवायचा कसा? आणि शेपटासारखे मागे तीन उपप्रश्न. व्हॉइसओव्हर घ्यावा का, गोष्ट मुंबईत आणली तर चालेल का, आणि शेवट फार कोरडा वाटतो, तो बदलला तर?

मी वीसेक वर्षं एडिटिंग करतेय, मधेमधे लोकांच्या स्क्रिप्ट दुरुस्त करून देते, आणि याच गोष्टीवर एकदा हात पोळून घेतलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी फजिती सांगते. आमच्या ग्रुपने ही गोष्ट केली होती, मी एडिटर आणि अर्धी लेखिका. एका हुशार मुलाने फोम आणि लेटेक्सचा सूट बनवला, सहा पाय, त्यातले मधले दोन पाय नायलॉनच्या दोऱ्यांनी हलवायला दोन असिस्टंट पलंगाखाली आडवे. सेटवर सगळे खूश, मीपण. रफ कट तीसेक लोकांना दाखवला. पाय दिसले तिथे लोक हसले, त्याचं काही नाही, गोष्ट मुळात विनोदी आहेच. पण नंतर ते पायांकडेच बघत बसले. बाप त्याला काठीने आत हाकलतो त्या सीनला माझ्या मागच्या रांगेतून कुजबूज आली, ‘थर्माकोल आहे का रे?’ ‘नाही, फोम.’ संपली फिल्म तिथे.

मग मी टाइमलाइनवर बसून एकेक पाय कापत गेले. आज हा शॉट काढ, उद्या तो. आठवड्याभराने बघते तर सूट जवळजवळ गायब, आणि ज्या शॉटला आम्ही शूटच्या दिवशी कुणी भाव दिला नव्हता तो फिल्मचा कणा होऊन बसलेला. तो शॉट म्हणजे एक हात, एक फडकं आणि एक वाडगा.

मूळ गोष्टीत पहिल्या दिवशी संध्याकाळी बहीण ग्रेटे त्याच्या खोलीत दुधाचा वाडगा ठेवते, त्यात पावाचे तुकडे, कारण दूध त्याचं आवडतं. त्याला ते आता आवडत नाही, तो तोंड फिरवतो. सकाळी ती येते, वाडगा भरलेला बघते आणि लगेच उचलते, पण उघड्या हाताने नाही, फडक्याने धरून. काफ्काने यावर अर्धं वाक्य खर्च केलंय. आमच्या नटीने तो शॉट एकाच टेकमध्ये दिला: फडकं दोन बोटांत, वाडगा अंगापासून लांब, आणि उठताना अंगठा दुधात बुडू नये म्हणून मनगट जरासं वाकडं. ग्रेगर फ्रेममध्ये नाहीच. बदललेल्या कटमध्ये हा शॉट आला तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. भांडं फडक्याने उचलणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागतं? अजिबात नाही. आणि ही तीच बहीण जिला तो स्वतःच्या पगारातून व्हायोलिन शिकायला कॉन्झर्व्हेटरीत पाठवणार होता, नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरात जाहीर करणार होता.

तर तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: किडा कसा दाखवायचा हा प्रश्न बाजूला ठेवा. फडकं कसं दाखवायचं तो प्रश्न घ्या.

हे माझं शहाणपण नाहीये, खुद्द काफ्कानेच सांगून ठेवलंय. १९१५ साली गोष्ट पुस्तकरूपात निघत होती, कव्हरला ओटोमार श्टार्के हा चित्रकार होता, आणि काफ्काला धास्ती की हा बाबा किडा काढून ठेवणार. त्याने २५ ऑक्टोबरला प्रकाशकाला पत्र लिहिलं की किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दिसता कामा नये. नुसतं नको म्हणून थांबला नाही, पर्याय दिले: बंद दारापुढे आईबाप आणि ऑफिसातला मोठा साहेब, किंवा त्याहून बरं, उजेडातल्या खोलीत आईबाप आणि बहीण, आणि शेजारच्या मिट्ट काळोख्या खोलीचं दार उघडं. हे वाचून मला वाटलं, अरे हा तर शॉट डिव्हिजन देतोय! कव्हरवर शेवटी ड्रेसिंग गाउनमधला एक माणूस आला, हातांनी तोंड झाकून दारापासून दूर जाणारा, मागे दार किलकिलं आणि आत काळं. तुमच्या लूकबुकचं (फिल्म कशी दिसणार हे सांगणाऱ्या चित्रांच्या वहीचं) पहिलं पान म्हणून हेच लावा.

मूळ जर्मन शब्दही बघा. पहिल्या वाक्यात तो ज्यात बदलतो त्याला काफ्का ‘उंगेत्सिफर’ म्हणतो. हा झुरळ नाही, भुंगा नाही, कुठलाच ठरावीक प्राणी नाही, घरात नको असलेलं काहीतरी, उपद्रवी, किळसवाणं. पोस्टरवर झुरळ काढलंत की तुम्ही लेखकापेक्षा जास्त माहिती दिलीत. गोगोलच्या ‘नाक’ या गोष्टीत (१८३६) हीच गंमत आहे. नाक न्हाव्याच्या पावात सापडतं, म्हणजे नाकाएवढंच असणार, आणि पुढे तेच नाक वरच्या हुद्द्याचा युनिफॉर्म घालून बग्गीतून उतरतं. मग ते केवढं? कागदावर हा प्रश्न पडतच नाही. कॅमेऱ्यापुढे पहिल्या सेकंदाला पडतो. अलेक्झांडर अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्करने १९६३ मध्ये ते ॲनिमेशनमध्ये केलं, हजारो टाचण्या खोवलेल्या पडद्यावर सावल्या पाडून, एकही संवाद न घेता, आणि त्या सावल्यांना ठाम कड नसल्यामुळे ते नाक हवं तेवढं होऊ शकलं. कड ठाम झाली की ॲब्सर्ड, म्हणजे अशक्य ते अगदी साधेपणाने घडण्यातली गंमत, मरतं, असं माझं मत आहे.

‘मेटॅमॉर्फसिस’वरसुद्धा लोकांनी वाटा शोधून झाल्यात. यान नेमेत्सने १९७५ मध्ये जर्मन टीव्हीसाठी केली तेव्हा कॅमेऱ्यालाच ग्रेगर केलं, आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. कॅरोलिन लीफने कॅनडात नॅशनल फिल्म बोर्डसाठी १९७७ मध्ये काचेवर वाळू पसरून, खालून उजेड देऊन, बोटांनी सरकवत दहाएक मिनिटांची फिल्म केली, आणि वाळू सतत सरकत असल्यामुळे किडा कुठल्याच फ्रेममध्ये पक्का होत नाही. मला विचाराल तर ही सगळ्यात जवळ गेलेली. रशियात व्हालेरी फोकिनने २००२ मध्ये येवगेनी मिरोनोव्हला ना सूट दिला ना मेकअप, नुसत्या अंगाने किडा करायला लावला. ही नाटकवाल्यांची वाट, लंडनला स्टीव्हन बर्कॉफने १९६९ मध्ये स्टेजवर हेच केलं होतं. नट तेवढ्या ताकदीचा असेल तर करा, नसेल तर तो योगासनं करतोय असं दिसतं, आणि मी अशी तीन ऑडिशन्स पाहिलीत, चौथी बघायची नाहीये.

सब्जेक्टिव्ह कॅमेऱ्याचा, म्हणजे नेमेत्ससारखं कॅमेऱ्यालाच ग्रेगर करण्याचा मोह तुम्हाला होणारच, स्वस्त पडतो म्हणून. पण पंचवीस मिनिटं कॅमेराच ग्रेगर ठेवलात तर त्याला शरीर उरत नाही, आणि ही गोष्ट शरीराने भरलेली आहे, पाठीवर पडलं की उलटता येत नाही, पाय आपापले वळवळतात, किल्ली जबड्याने फिरवताना तोंडातून तपकिरी पाणी किल्लीवरून जमिनीवर ठिबकतं. म्हणून पूर्ण सब्जेक्टिव्ह नको. मी असं सुचवीन की कॅमेरा त्याच्या उंचीवर ठेवा, त्याच्या डोळ्यांत नको. जमिनीपासून फूट-दीड फूट. बापाचे बूट, सोफ्याची खालची कड, आईच्या कपड्यांची किनार. घरातल्यांचे चेहरे दिसायला लेन्स वर करावी लागेल, तेव्हा ते सगळे आपोआप मोठे आणि परके दिसतात. एकदा हे ठरलं की ट्रायपॉडचं निम्मं भाडं वाचतं, हाय-हॅटवर (जमिनीलगत कॅमेरा ठेवायच्या बुटक्या स्टँडवर) काम भागतं.

आता दार. माझ्या मते हीच खरी स्क्रिप्ट आहे आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात.

ग्रेगर फिरता विक्रेता आहे, कापडाचे नमुने घेऊन हॉटेलात राहणारा, त्यामुळे घरीसुद्धा रात्री सगळी दारं आतून लावून झोपायची सवय. त्याच्या खोलीला तीन बाजूंना दारं. सकाळी आई एका दारावर हळूच टकटक करते, बाप दुसऱ्यावर मुठीने, बहीण तिसऱ्याआडून कुजबुजते की दादा, दार उघड. सगळ्यांना आत यायचंय आणि किल्ली आत आहे. तो जिवाच्या आकांताने एक दार उघडतो, आणि त्या संध्याकाळी त्याच्या लक्षात येतं की आता दारं उघडी आहेत तर कुणीच येत नाही, आणि किल्ल्या बाहेरच्या बाजूने लावलेल्या आहेत. पुढे बापाने फेकलेलं सफरचंद पाठीत रुतून बसल्यावर घरच्यांना जरा लाज वाटते, म्हणून रोज संध्याकाळी हॉलचं दार उघडं ठेवतात, तो काळोखातून दिव्याखाली बसलेलं आपलं कुटुंब बघतो (पत्रातलं चित्र आठवा). आणि शेवटी व्हायोलिनच्या रात्री, ग्रेटे घरातल्या भाडेकरूंना वाजवून दाखवत असते तेव्हा, तो बाहेर येतो, परत आत सरपटतो, आणि त्याच्या मागे दार धाडकन लावून किल्ली फिरवणारी असते ग्रेटे. ‘एकदाचं!’ असं ती आईबापांना म्हणते.

किल्ली आधी आत, मग बाहेर, मग दार मेहेरबानीने उघडं, मग बहिणीच्या हातात. हे चार टप्पे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. गोष्टीचे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तो खोलीबाहेर पडतो आणि परत आत ढकलला जातो, पहिल्यांदा काठी आणि वर्तमानपत्राने, दुसऱ्यांदा सफरचंदांनी, तिसऱ्यांदा नुसत्या शब्दांनी. पंचवीस मिनिटांत एवढंच बसतं आणि एवढं पुरतं. आर्टच्या पैशातला मोठा हिस्सा एका चांगल्या दारावर घाला. जुनं, जड, पितळी कुलूपवालं, ज्याच्या किल्लीचा आवाज माइकला नीट मिळेल असं.

आवाजावरून आठवलं, किडा होण्याचा सगळ्यात भीतीदायक क्षण फुकटात मिळतो, दाराच्या अल्याडपल्याड. ग्रेगरला स्वतःचं बोलणं स्वच्छ कळतंय, का आला नाही म्हणून घरी आलेल्या ऑफिसातल्या साहेबाला तो लांबलचक विनवणी करतोय, ऑफिसला येतोच आहे, आठची गाडी पकडतो, आईबाबांना त्रास देऊ नका. दाराच्या आतून ऐका: माणसाचा व्यवस्थित आवाज. मग वाक्याच्या मधोमध दाराबाहेर कट: आईचा चेहरा, आणि त्याच वाक्याचा उरलेला भाग चिंचिं, खरखर, काहीतरी ओलं. साहेब शांतपणे म्हणतो, हा तर जनावराचा आवाज. एवढ्या एका कटने लोक खुर्चीत सरळ होतात. ही खरखर लायब्ररीतून डाउनलोड करू नका, नटाचाच आवाज बिघडवा, म्हणजे आत कुठेतरी तो ओळखू येतो. आम्ही ओल्या स्पंजवर नखं घासून वर थर दिला होता.

ग्रेगर दिसायलाच हवा असे दोन प्रसंग आहेत, असं तुम्हाला वाटेल. एक, आई आणि बहीण खोलीतलं सामान हलवतात तो, आणि दुसरा सफरचंदांचा. सामानाच्या सीनमध्ये तो भिंतीवरच्या चित्राला चिकटून बसतो, फरची टोपी घातलेल्या बाईचं चित्र, त्यानेच मासिकातून कापून फ्रेम केलेलं, ते तरी जाऊ नये म्हणून. आई बघते, आणि काफ्का लिहितो की तिला फुलाफुलांच्या वॉलपेपरवर प्रचंड तपकिरी डाग दिसला. डाग! प्राणी नंतर कळतो, आधी डाग. हा शॉट तसाच घ्या: वॉलपेपर, ओल आल्यासारखा मोठा तपकिरी आकार, फोकस अर्धवट, आणि तो किंचित श्वास घेतो. कट टू आई. बास. कापड आणि मागे एक फुगा, खर्च हजारभर रुपये.

सफरचंदं मात्र आवाजावर न्या. बाप फडताळावरच्या फळांच्या भांड्यातून खिसे भरून घेतो आणि एकेक फेकत सुटतो, ती लाकडी जमिनीवर घरंगळतात, एकमेकांना आपटतात. आम्ही दिसायला खोटी आणि आवाजाला खरी सफरचंदं वापरली, आणि चार किलो सफरचंदं युनिटने मग दोन दिवस खाल्ली. पाठीत रुतलेलं सफरचंद दाखवू नका. पुढच्या सीनमध्ये भांड्यात एकच सफरचंद उरलंय, त्याच्या पुढच्या सीनमध्ये ते सुरकुतलंय, आणि माणसं त्या दारापाशी आली की नाकाने छोटा श्वास घेतात. प्रेक्षक बरोबर जोडतो.

आता टोन. ‘ॲब्सर्ड’ शब्द ऐकला की आपल्याकडे आर्ट डायरेक्टर लगेच घड्याळं वाकडी लावतो आणि कॅमेरामन डच अँगल (तिरका कॅमेरा) लावतो. नका करू. या गोष्टीत अशक्य अशी एकच गोष्ट घडते, पहिल्या वाक्यात, बाकी सगळं हिशेबाच्या वहीसारखं चोख आहे. गजर चारचा, आता साडेसहा वाजून गेलेत, पाचची गाडी चुकली, पुढची सातला, ऑफिसचा माणूस पाचच्या गाडीला बघून चुगली करून आला असणार, बापाने कंपनीच्या मालकाकडून घेतलेलं कर्ज फिटायला अजून पाचसहा वर्षं. किडा झालेला माणूस पडल्या पडल्या काय विचार करतो तर नोकरी किती दगदगीची आहे! काफ्का स्वतः प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, १९०८ पासून १९२२ पर्यंत, कारखान्यातल्या यंत्रात बोटं कशी तुटतात यावर रिपोर्ट लिहायचा. तोच कोरडा रिपोर्टी हात इथे आहे. तेव्हा नटांना सांगा की रेशन कार्डावरचं नाव दुरुस्त करायला आलोय एवढ्याच गांभीर्याने बोला.

आपल्याला हे परकं नाहीये. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) भाऊराव मरतात आणि स्वतःच कीर्तनाला उभे राहतात, आणि ते चालतं कारण कीर्तन अगदी कीर्तनासारखं होतं, चाळकरी चाळकऱ्यांसारखेच वागतात. तसंच इथे. विनोदाला घाबरू नका, फक्त त्याच्याकडे बोट दाखवू नका. दाढीवाले तीन भाडेकरू जेवायला बसतात, मधला मांसाचा तुकडा कापून तपासतो, आई आणि बहीण ताणून बघत राहतात. हे मुळात लिहिलेलंच आहे. कामवाल्या म्हातारीच्या टोपीवर शहामृगाचं पीस सरळ उभं असतं, आणि घरात ग्रेगरला न घाबरणारी तीच एक, त्याला प्रेमाने ‘शेणकिड्या’ म्हणून हाक मारते. काफ्काचा मित्र माक्स ब्रोडने लिहून ठेवलंय की ‘द ट्रायल’चं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवताना काफ्का इतका हसायचा की मध्येच थांबावं लागायचं. उदास व्हायोलिन बॅकग्राउंडला टाकण्याआधी हे आठवा.

आणि कारण देऊ नका. हात जोडून सांगते. स्वप्न होतं असं दाखवायचा रस्ता तर काफ्काने दुसऱ्याच परिच्छेदात बंद केलाय, सरळ लिहिलंय की हे स्वप्न नव्हतं. मला एका प्रोड्युसरने विचारलं होतं, ‘मॅडम, पण तो किडा म्हणजे नेमकं काय? डिप्रेशन का?’ मी म्हटलं, किडा म्हणजे किडा. ती मीटिंग तिथेच आटोपली. पण बघा ना, तुम्ही डिप्रेशन ठरवलंत की घरचे वाईट ठरतात, कॉर्पोरेट ठरवलंत की साहेब व्हिलन ठरतो. गोष्टीत घरचे वाईट नाहीत. ग्रेटे दुधानंतर दुसऱ्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रावर अर्धवट कुजलेली भाजी, घट्ट झालेल्या सॉसमधली हाडं, बेदाणे, बदाम, पूर्वी त्याने टाकून दिलेलं चीज, कोरडा पाव, लोणी लावलेला पाव असं सगळं मांडते, काय आवडेल कळत नाही म्हणून, आणि तो संकोचू नये म्हणून स्वतः बाहेर जाते. इतकी माया आहे. ती हळूहळू कशी आटते हे दाखवायला तुमच्याकडे पंचवीस मिनिटं आहेत, त्यात मेसेजला जागा कुठे?

व्हॉइसओव्हर: ‘मी’ असा नको. काफ्काने ‘द कॅसल’ ही कादंबरी आधी ‘मी’मध्ये लिहायला घेतली आणि मग हस्तलिखितात मागे जाऊन ‘मी’च्या जागी ‘के.’ हे नायकाचं नाव केलं, एवढ्यावरून काय ते ओळखा. ग्रेगरचं मन माणसाचं राहिलंय हे सांगायला ‘आई, मी अजून तोच आहे गं’ असं ऐकवलंत की सगळं टीव्ही सीरियल झालं. घ्यायचाच असेल तर तृतीयपुरुषी, बातमी वाचल्यासारखा, आणि थोडा. मिखाएल हानेकेने ‘द कॅसल’ केली (१९९७) त्यात निवेदक असाच कोरडा आहे, सीन मध्येच तुटून काळा पडदा येतो, आणि कादंबरी जिथे अर्धवट राहिली तिथेच फिल्म थांबते. ते बघून घ्या एकदा.

मुंबईत आणायची का? आणा, पण आधी घर मोजा. वन बीएचकेमध्ये तीन दारांची खोली नसते, बेडरूमला एक दार आणि कपाटं तिथेच, कपडे काढायला सगळे दिवसातून दहा वेळा आत येणार. तिथे ग्रेगर लपणार कुठे? ती वेगळी गोष्ट होते, कदाचित चांगली होईल, पण मग दाराचे चार टप्पे विसरा आणि पडद्याची गोष्ट लिहा. काफ्काची घडण ठेवायची असेल तर खोलीतून खोलीत दार उघडणारं जुनं घर शोधा, दादर-माटुंग्याच्या जुन्या बिल्डिंगांत काही फ्लॅट तसे आहेत, गोव्यात मडगावकडच्या जुन्या घरांत तर खोलीला चारी बाजूंनी दारं मिळतात. ऑर्सन वेल्सला ‘द ट्रायल’ करताना (१९६२) सेट बांधायला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्याने पॅरिसचं वापरात नसलेलं गार द’ओर्से स्टेशन घेतलं आणि अख्खं कोर्टकचेरीचं जग त्यात घातलं. पैसे नसताना जागाच डिझाइन करून देते.

मराठीचा एक फायदा मात्र सोडू नका, हिंदीत करणाऱ्याला तो मिळत नाही. व्हायोलिनच्या रात्री ग्रेटे म्हणते की या प्राण्यापुढे मी माझ्या भावाचं नाव उच्चारणार नाही, आणि तिथून पुढे ती जर्मनमधलं नपुंसकलिंगी सर्वनाम वापरायला लागते. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे! सुरुवातीला ‘दादा, बरं नाही का तुला?’ मग ‘त्याने आज काही खाल्लं नाही’, आणि शेवटी ‘बाबा, ते गेलं पाहिजे.’ ‘तो’वरून ‘ते’वर. एका मात्रेत माणूस संपतो. फक्त ‘ते’ एकटं सोडू नका, आदरार्थी ऐकू येईल, क्रियापद सोबत हवं: ते गेलं, ते खातं, ते आत आहे. सकाळी म्हातारी झाडू लावून बघते आणि ओरडते, ‘बघा हो, मेलंय ते!’ संवाद लिहिणाऱ्याला हा एक बदल नीट बसवायला आठवडा लागला तरी द्या.

हक्कांचं पटकन. काफ्का १९२४ मध्ये वारला, मूळ जर्मन मजकूर आपल्याकडेही मोकळा आहे आणि जर्मनीतही. भाषांतरं तशी नाहीत, प्रत्येक भाषांतराचा हक्क वेगळा, मग ते इंग्रजी असो की मराठी. कुणाचंही वाक्य जसंच्या तसं संवादात उचलू नका, नाहीतर लेखी परवानगी घ्या. फेस्टिव्हलवाले कागद मागतात तेव्हा पळापळ होते.

राहिला शेवट. ग्रेगर पहाटे तीनच्या ठोक्यानंतर मरतो, मार्च संपत आलेला. आणि गोष्ट संपत नाही. आईबाप आणि बहीण टेबलाशी बसून तीन रजेचे अर्ज लिहितात, प्रत्येक जण आपापल्या मालकाला. मग ट्रामने गावाबाहेर फिरायला जातात, डब्यात ऊन, तिघांच्या नोकऱ्या तशा बऱ्या आहेत, लहान घर घेऊ, आणि आईबापांच्या लक्षात येतं की पोरगी लग्नाची झाली. ट्राम थांबते, ग्रेटे आधी उठते आणि अंग ताणते. तुम्हाला हे कोरडं वाटतं म्हणून तिथे ग्रेगरचा फोटो किंवा आईचा हुंदका घालावासा वाटतोय. मला कळतं, मीही घातला होता. हुंदका. ज्या माणसाने ही फिल्म बघून मला पहिल्यांदा खरं मत दिलं तो म्हणाला, इथे तुम्ही घाबरलात. खरं होतं. मी काढला.

कारण इथे काफ्काने एक फार बारीक काम केलंय. मुलगा जिवंत आहे तोवर निवेदनात ‘बाप’ आणि ‘आई’ येतात. तो मेल्यावर तीच माणसं ‘श्रीयुत साम्सा’ आणि ‘श्रीमती साम्सा’ होतात. बघणारा गेला म्हणून नाती गेली. सिनेमात हे कसं आणाल? म्हणून तर कॅमेरा सुरुवातीपासून दीड फुटांवर ठेवायला सांगितलं. म्हातारी खोलीत येते त्या शॉटपासून तो पहिल्यांदाच उभ्या माणसाच्या उंचीला न्या. कुणाला का ते कळणार नाही, पण सगळ्यांना हलकं वाटेल आणि हलकं वाटल्याचं जरा विचित्रही वाटेल.

ट्राम मिळणार नाही. बस चालेल, लोकलचा रिकामा डबा परवानगी मिळाली तर उत्तम, खिडकीतून ऊन मात्र आत आलंच पाहिजे, त्यासाठी शूट मार्चमध्येच ठेवा आणि सकाळी साडेआठच्या आत आटपा. ग्रेटे करणाऱ्या मुलीला तो आळस देण्याचा टेक रिहर्सल करायला लावू नका. तिला तासभर सीटवर नुसतं बसवून ठेवा, मग म्हणा, चल, उतरायचंय, आणि कॅमेरा आधीच चालू असू दे.